मदत हवी आहे: शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आतलं घर, पडलेली भिंत ही दुरुस्ती की पुनर्बांधणी?

पुण्यात शनिवारवाड्याच्या तटापासून साधारण ७० मीटरवर आमचा जुना दुमजली वाडा आहे. म्हणजे केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरच्या प्रतिबंधित क्षेत्रात. मागच्या पावसात मागच्या पडवीची १२ फुटांची भिंत बसली. विटा-मातीचीच होती. वरची तुळई सध्या दोन लोखंडी टेकूंवर उभी आहे.

प्राचीन स्मारकांचा १९५८चा कायदा आणि त्यातली २०१०ची दुरुस्ती वाचली. १६ जून १९९२पूर्वीचं घर असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, हे कळलं. १९७८पासूनच्या घरपट्टीच्या पावत्या आणि मालमत्ता पत्रक आहे. मजला वाढवायचा नाही, एक इंचही पुढे सरकायचं नाही. भाडेकरू नाहीत, भावकीची संमती लेखी घेतली आहे.

घोडं अडलंय ते व्याख्येत. 'दुरुस्ती'त पुनर्बांधणी येत नाही. मग अख्खी पडलेली भिंत त्याच पायावर पुन्हा उभी करणं कशात मोडतं? दोन वास्तुविशारदांना विचारलं, दोन उत्तरं मिळाली. ठेकेदार म्हणतो, "रात्रीत उरकून टाकू." ते नको, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, शिवाय पाडकामाची टांगती तलवार.

प्रतिबंधित क्षेत्रात अशी भिंत परवानगी घेऊन बांधलेलं कुणी आहे का? अर्जात काम नेमकं कोणत्या शब्दांत लिहिलं होतं, आणि पडण्याआधीचे फोटो नसतील तर जुनी उंची कशावरून दाखवली?