रोज अजिंक्यतारा चढतो, मग जोर-बैठका कशाला?

एकांनी विचारलंय, रोज सकाळी साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढतो, मग वेगळा व्यायाम कशाला? चढण्यानं दम वाढतो, हे खरंच. पण अंगवळणी पडलं की तेवढ्याच चढाला शरीर दाद देत नाही. वेग, वेळ किंवा पाठीवरचं ओझं हळूहळू वाढवावं लागतं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप लागली तर व्यायाम मध्यम समजा. (फोनवर भांडत चढणाऱ्यांनी तपासून बघावं!)

खरी गंमत उतरताना. मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ठणकतात. दोष व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाला देतात, पण ते तासा-दोन तासांत निघून जातं. उतरताना पावलं आखूड टाका.

आणि खांदे, पाठ, दंड? त्यांना गडाचा फारसा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय 2 दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात त्यासाठी जिमच हवी असं थोडंच आहे? जोर मारताना मनगट दुखत असेल, तर आधी भिंतीला हात टेकून मारा.