२४ ची गाडी २० च्या मागे का पडते? (मदत हवी आहे, जरा लवकर)

उंब्रजकर
मंडळी, डोकं उठलंय. माझी २००, ती २४ ची. चुलतभावाची ३५०, ती २० ची. कागदावर माझी जास्त, वजनालाही माझीच हलकी. तरी परवा कुंभार्ली घाटात हा पठ्ठ्या वहिनीशी गप्पा मारत निघून गेला आणि मी दुसऱ्या गियरमध्ये धापा टाकतोय. दोन वळणांना तर पहिला टाकावा लागला. वरच्या टपरीवर पोचलो तेव्हा त्याचा चहा संपला होता. वर मलाच विचारतो, पंक्चर झालं होतं का म्हणून.

रविवारी एक्सचेंजवाल्याला उत्तर द्यायचंय. ३५० घेऊ की ४००? कुठल्या प्रकारच्या गाडीत खरी पॉवर असते? लेक्चर नको, नाव सांगा.

चक्रम_पुणेकर
२४ म्हणजे काय? बीएचपी, न्यूटन मीटर की राहिलेले हप्ते? २०० कुठली, ३५० कुठली? ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ सांगावी लागते हो.

उंब्रजकर
२०० म्हणजे पल्सर एनएस, ३५० म्हणजे रॉयल एनफिल्डची क्लासिक. हे काय सांगायला पाहिजे? २४ म्हणजे हॉर्सपॉवर. हप्ते फिटलेत.

साधा_माणूस
अ‍ॅव्हरेज किती देते?

दोन_चाके
उंब्रजकर, नाव लगेच सांगता येईल, पण मग नवी गाडी घेऊनही तुम्ही याच घाटात अडकाल. दोन मिनिटं काढा.

तुमच्या दोन्ही गाड्यांच्या सिलिंडरचा व्यास एकच आहे, ७२ मिलिमीटर. फरक आहे तो पिस्टन वरखाली किती जातो त्यात. क्लासिकमध्ये ८५.८ मिमी, एनएसमध्ये ४९. क्लासिक म्हणजे लांब ढांगा टाकणारा गडी, एनएस तुरुतुरु पळणारा. म्हणून क्लासिकचा २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, ४००० आरपीएमलाच (मिनिटाला ४००० फेरे) हाताशी येतो आणि २०.२ बीएचपी ६१०० ला. एनएसचा १८.७ टॉर्क यायला ८००० लागतात आणि तुमचे ते २४.५ पीएस (जवळपास बीएचपीच) ९७५० ला.

आता खरं सांगा, बायको मागं बसलेली असताना त्या वळणांवर तुम्ही इंजिन ९७५० पर्यंत नेलं होतं? माझा अंदाज ४००० च्या आसपास असाल. बीएचपी काढायची तर टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७१२१. क्लासिक तिथं १५ देते. एनएसचा सगळाच्या सगळा टॉर्क तिथं मिळाला असं धरलं (मिळत नाही), तरी साडेदहा. म्हणजे घाटात तुमची गाडी २४ ची नव्हतीच. ती निम्म्याहून कमीची होती.

तुम्हीही डबलसीट होता ना? सामान किती?

उंब्रजकर
डबलसीटच. टाकीवर बॅग, आणि मंडळींच्या आणि माझ्या मध्ये हापूसची पेटी. चिपळूणहून वर येतोय म्हटल्यावर पेटी असणारच, त्यात सांगायचं काय?

चक्रम_पुणेकर
पेटी किती डझनाची?

उंब्रजकर
पाच. त्याचा पॉवरशी काय संबंध?

चक्रम_पुणेकर
पॉवरशी नाही, भावाशी आहे. काय दरानं मिळाली?

धडधड_३५०
शेवटी सत्य बाहेर आलंच. बीएचपी पोस्टरवर वाचायला, टॉर्क घाटात चढायला. बुलेटवाल्यांना पन्नास वर्षांपासून माहीत आहे. उंब्रजकर, डोळे झाकून क्लासिक घ्या, विषय संपला.

दोन_चाके
धडधड, मी असं म्हटलेलं नाही. इंजिनचा टॉर्क आणि मागच्या चाकावर पोचणारा टॉर्क यांत अख्खा गियरबॉक्स आणि चेन आहे. एनएसला सहा गियर आहेत, क्लासिकला पाच. एनएस खालच्या गियरमध्ये ठेवून सहा-साडेसहा हजारांवर धरली तर तीही १५ च्या घरात जाते, आणि दोन माणसं धरून ती ३५-४० किलो हलकी आहे. नुसता टॉर्कच बघायचा तर स्प्लेंडरचा ८ न्यूटन मीटर आहे, ८ पीएस. दूधवाले त्यावर कॅन लटकवून रोज घाट चढतात, ते काय ढकलत नेतात?

धडधड_३५०
चढतात, पण कशा चढतात ते बघा. आणि सहा हजारांवर इंजिन किंचाळत ठेवायचं म्हणजे मागचं माणूस उतरून चालायला लागेल. आरामात ओढते ती पॉवर. बाकी सगळं एक्सेल शीट.

दोन_चाके
किंचाळण्याचं म्हणाल तर गंमत ऐका. ६१०० ला क्लासिकचा पिस्टन सेकंदाला सरासरी १७.४ मीटर धावतो. ९७५० ला एनएसचा १५.९ मीटर. ज्याला तुम्ही आरामात म्हणता त्याची धावपळ जास्त आहे, फक्त आवाज जाडा आहे.

आरएक्सवाला
काय ते आकडे! आमच्या आरएक्स हंड्रेडचं इंजिन ९८ सीसी, पॉवर ११. टू-स्ट्रोक. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. तुमचे हे फोर-स्ट्रोक एक फेरा काम करतात आणि एक फेरा सुट्टी घेतात. ९१ साली पसरणी घाटात भरलेल्या जीपला मागं टाकलं होतं, मागं मेहुणा होता, तोही ऐंशी किलोचा. उंब्रजकर, एखादी नीट ठेवलेली आरएक्स बघा. मन भरेल.

साधा_माणूस
आरएक्सचं अ‍ॅव्हरेज?

आरएक्सवाला
त्या काळी विचारत नसत.

राईनकाठचा
इथं जर्मनीत तरुण पोरांना ए२ परवान्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॅटची गाडी चालवता येते, म्हणजे साधारण ४७ बीएचपी. शिवाय वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटची मर्यादा. सीसी कुणी विचारतच नाही. आपल्याकडं सगळे सीसीवर अडतात. यामाहाची आर१५ बघा, १५५ सीसीत १८.४ पीएस. क्लासिकच्या निम्म्याहून लहान इंजिन आणि पॉवर जवळपास तेवढीच.

चक्रम_पुणेकर
आपल्याकडं सीसीवर अडतात कारण सरकारही तिथंच अडतं. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी, वर गेलात की ४०. प्रश्नकर्ते ३५० की ४०० विचारतायत, त्यातला बराचसा फरक इंजिनात नाही, बिलात आहे.

कोयनाकाठ
४०० चाच विषय निघाला म्हणून. माझ्याकडं आधी जुनी हिमालयन ४११ होती, २४.३ बीएचपी, ३२ न्यूटन मीटर. आता मित्राची ४५० चालवली, ४० पीएस आणि ४० न्यूटन मीटर. नाव एक, प्रकार एक, पण स्वभाव दोन. ४११ ला दुसऱ्यात सोडून दिली तरी पोफळीपासून वरपर्यंत बैलगाडीसारखी जायची. ४५० तीन हजारांच्या खाली जरा नाराज असते, पुढं मात्र सुटते. ट्रायम्फच्या स्पीड ४०० चेही ४० पीएसच, पण ती वीसेक किलो हलकी. तेव्हा अमुक प्रकारात खरी पॉवर असं काही नसतं हो. ज्याला गियर पाडायचा कंटाळा त्यानं खाली ओढणारी घ्यावी, ज्याला मजा येते त्यानं वर पळणारी.

मिस्त्री_कराड
सगळं वाचलं. हिशेब बरोबर आहे, पण एक गोष्ट खटकतीय. एनएस डबलसीट असली तरी कुंभार्लीत पहिला टाकायची वेळ येत नाही. माझ्याकडं रोज येतात या गाड्या. उंब्रजकर, एवढं सांगा: गाडी शोरूमची का हातबदलाची? घाटात रेस पिळल्यावर आरपीएम चढायचा पण गाडी सरकत नव्हती, असं होत होतं का?

उंब्रजकर
हातबदलाची. दीड वर्ष झालं घेऊन. आरपीएम चढतच नव्हता, काटा चार हजारांवर बसून होता. रेस दिली की नुसती गुरगुरायची.

मिस्त्री_कराड
मग दोष क्लचप्लेटचा नाही. एअर फिल्टर कधी बदललाय? आणि डाव्या बाजूला गियरच्या दांडीजवळचं काळं झाकण खोला, पुढच्या स्प्रॉकेटवर (चेन फिरवणारं दातेरी चाक) दातांचा आकडा कोरलेला असतो, तो वाचून सांगा. झाकणात ग्रीस-मातीचा चिखल असेल, आधी पुसा.

धडधड_३५०
विकायचीच आहे तर झाकण कशाला खोलायचं?

आरएक्सवाला
पेट्रोलमध्ये थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल टाकून बघा. इंजिन मोकळं होतं.

मिस्त्री_कराड
काका, फोर-स्ट्रोकमध्ये टू-टी टाकू नका, प्लगवर काजळी धरेल. एनएसला तीन प्लग आहेत, तिन्ही काढायला मीच लागेन.

उंब्रजकर
झाकण उघडलं. अर्धा किलो चिखल निघाला. स्प्रॉकेटवर १५ आहे. फिल्टर मी कधीच बदलला नाही, काळा कोळसा झालाय.

मिस्त्री_कराड
कंपनीचं १४ असतं. आधीच्या मालकानं टॉप स्पीडच्या नादात एक दात वाढवलाय. हायवेला इंजिन जरा शांत वाटतं, पोरं खूश होतात. पण प्रत्येक गियर सात टक्क्यांनी लांबला, म्हणजे चाकावरची ओढ तेवढीच कमी. वर तो फिल्टर. वर तुमची पाच डझनाची पेटी. दुसऱ्यात इंजिनाला जिथं दम येतो तिथं तुम्ही पोचतच नव्हता. १४ चं स्प्रॉकेट आणि फिल्टर घाला, चेन तपासून ताण लावा. मग घाट चढा आणि मग गाडी विका.

दोन_चाके
मान गए. मी आकडेमोड करत बसलो आणि उत्तर चिखलाखाली होतं.

चक्रम_पुणेकर
म्हणजे दीड वर्ष स्पीडोमीटरही…

मिस्त्री_कराड
नाही, स्पीडचा सेन्सर चाकावर आहे. त्याला फरक पडत नाही.

राईनकाठचा
इथं असं स्प्रॉकेट बदललं तर त्याची नोंद करावी लागते, नाहीतर तपासणीत गाडी नापास.

उंब्रजकर
रविवार झाला. एक्सचेंजवाल्याला थांब म्हटलं. शनिवारी स्प्रॉकेट आणि फिल्टर टाकला, आज तोच घाट खालून वर, तीच मंडळी मागं, पेटीच्या जागी या वेळी फणस. दुसरा गियर पाडायचा आणि सहा हजारांवर धरायचं, हे जमलं की गाडी उचलते. पहिला एकदाही लागला नाही. भाऊ तरी पुढंच होता, पण टपरीवर पोचलो तेव्हा त्याचा चहा यायचा होता. मंडळींचं म्हणणं, आवाज फार होतो, याच्यापेक्षा मागच्या वेळी बरं होतं.

मिस्त्री, आभार. ते १५ चं स्प्रॉकेट ठेवू की टाकू?

मिस्त्री_कराड
दात तपासा. टोकं वाकडी झाली असतील तर भंगारात. चेनही त्याच्याबरोबर झिजलेली असते, महिनाभरात कटकट करायला लागली तर पूर्ण सेट बदलावा लागेल. आत्ताच सांगून ठेवतो.

कोल्हापुरी_१९
वरचं सगळं वाचलं नाही. ३५० की ४०० असेल तर ४०० घ्या.