पोकळ टोमॅटो

आत्या: (फोटो) हे बघा गं! कापला तर आतून चक्क ढोबळी मिरची. रस नाही, गर नाही. मधल्या दांड्याला चिकटलेल्या बिया तेवढ्या.

काकू: अगंबाई! किडलाय का वन्सं?

आत्या: नाही हो, जातच तशी, भरायची. ‘यलो स्टफर’ नाव. गणपती उठले त्या आठवड्यात बी टाकलं होतं.

चिंटू: आत्या, बाजारच्या टोमॅटोतपण कधी कधी पोकळ निघतो की.

आत्या: तो फसलेला. फार गारठा किंवा फार ऊन पडलं की फुलात पराग नीट बसत नाहीत, फळ हातात हलकं लागतं. ह्याची पोकळी जन्माची, आणि भिंत कशी जाड!

वहिनी: मागे मी साध्या टोमॅटोत पनीर भरलं होतं. कढईत पाच मिनिटांत सगळे बसले. मग चमच्यानं ढवळलं आणि ग्रेव्ही म्हणून वाढलं 🙈 पाहुण्यांनी रेसिपी मागितली.

आत्या: 😂 पण हाही सोपा नाही हां. पहिल्या खेपेला बारातली नऊ उगवली, त्यातली पाच मीच मारली. सकाळ-संध्याकाळ पाणी! देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक झाला आणि रोपं आडवी. दुसऱ्यांदा बी अर्धं पेर खोल, आणि माती वरून कोरडी दिसेल तेव्हाच पाणी. आठव्या दिवशी वर आली. दिवाळीआधी रंगाच्या वीस लिटरच्या बादल्यांना भोकं पाडून त्यात लावली, निम्मं खोड पुरून. टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात. आता माझ्या उंचीची झालीत, काठीला बांधलीत.

नानाकाका: माती मळ्यातली काळी घेतलीस? बादलीत ती दगड होते.

आत्या: मूठभरच. बाकी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं खत.

नानाकाका: म्हणजे ‘इंदूर पद्धत’! इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथेच इंदुरात होते, आताच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी. पालापाचोळा, शेण, माती थरावर थर, मधून मधून उलटायचं, तीनेक महिन्यांत खत. जगभर ह्याच नावानं ओळखतात आणि आपण कोकोपीट विकत आणतो.

आत्या: नाना, गच्चीवर शेण आणलं तर खालचे माझंच खत करतील.

वहिनी: बूड काळं पडतं का हो? माझे तिथूनच जातात.

आत्या: चार गेले. दोन दिवस पाणी विसरायचं आणि तिसऱ्या दिवशी बादली भरून ओतायची, मग कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रोज थोडं घाल.

काकू: चव?

आत्या: खरं सांगू? नुसता खाल्ला तर पुठ्ठा. सारण चटपटीत हवं. मी बटला (मटार), उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, ओलं खोबरं आणि जिरावन, आपला पोह्यांवरचा मसाला, घेणार. सेव उतरवल्यावर वरून, आधी घातली की लगदा.

काकू: मला बी ठेवा हो. पण पुढच्या साली तसाच येईल ना?

आत्या: येईल, संकरित नाहीये. आणि गर नसल्यानं बी आंबवायची खटपटही कमी. चाळणीत धुवून स्टीलच्या ताटलीत वाळवते. कागदावर चिकटतं.

नानाकाका: बी नंतर बघू. जेवायला किती वाजता येऊ?

आत्या: तीनच पिकलेत. एक फोटोसाठी कापला, एक बियांना ठेवलाय. या, उरलेल्याच्या चार फोडी करू.