घरातील ध्वनिमुद्रणासाठी चार बाय चारची प्लायवुडची पेटी करावी का?

प्रश्न : वाचनवेडा, पुणे

मी दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतो आणि ऑडिओबुकसाठी वाचन करतो. झोपण्याच्या खोलीत 18 मिलिमीटर प्लायवुडची चार फूट लांब, चार फूट रुंद आणि सात फूट उंच अशी बंदिस्त पेटी उभारून तिला आतून एक इंच जाडीचा फोम चिकटवावा, असे सुताराचे म्हणणे आहे. एका परिचितांकडे अशाच पेटीत मी वाचून पाहिले, तेव्हा रिक्षांचा आवाज आत आलाच, शिवाय माझा आवाजही डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा उमटला. फोम वाढवावा, की हा बेतच सोडून द्यावा?

उत्तर : खर्जातला

बेत सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये चार फुटांचे अंतर असले, की सुमारे 140 हर्ट्झचा स्वर त्यांच्यात घुमू लागतो आणि आपल्या पेटीची लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे तो दोन्ही बाजूंनी घुमेल. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे हे घुमणे नेमके आपल्या आवाजावरच येऊन बसते. एक इंची फोम फक्त वरचे, तीक्ष्ण स्वर शोषतो आणि खालच्या स्वरांना हातही लावत नाही. चकाकी गेली आणि घुमणे उरले, की तो डब्यातला आवाज तयार होतो. खालच्या स्वरांसाठी चार इंच जाडीचे रॉकवूल (दगडाच्या तंतूंची दाट गादी), तेही भिंतीपासून चार इंच पुढे, असे काही करावे लागते. ते चारही बाजूंनी केले, तर आत उभे राहायला तीन फूटही उरणार नाहीत.

उत्तर : भिंतीला कान

रिक्षांविषयी लिहितो. बाहेरचा आवाज अडवणे आणि आतला शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि फोम पहिले काम करतच नाही. अडवण्यासाठी वजन लागते, आणि वजन दुप्पट केले तरी फार तर 6 डेसिबलचा फरक पडतो. 18 मिलिमीटर प्लायवुडचे वजन चौरस मीटरला दहा-अकरा किलो भरते, तर गिलावा केलेल्या साडेचार इंची विटांच्या भिंतीचे दोनशे किलोंच्या पुढे जाते. म्हणजे आपली भिंत आधीच उत्तम आहे. आवाज येतो तो सरकत्या खिडकीच्या फटींतून आणि दाराखालून. तिथे रबरी पट्ट्या लावाव्यात. पेटी खरोखरच हवाबंद केली, तर हवा खेळती ठेवण्याची सोय करावी लागते आणि त्या पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो, हे सुतार सांगत नाहीत.

उत्तर : गोधडीवाली, सातारा

माझे सगळे वाचन आजीच्या गोधड्यांत होते. जुन्या लुगड्यांच्या पाच-सहा थरांच्या जड गोधड्या मी कपडे वाळत घालण्याच्या घडवंचीवर, भिंतीपासून वीतभर पुढे टांगते आणि त्यांच्याकडे पाठ करून बसते. बहुतेक जण माइकच्या मागे फोम लावतात. परंतु कार्डिऑइड माइक समोरून येणारे ऐकतो, म्हणजे आपण आणि आपल्या पाठीमागची भिंत, म्हणून गोधडी आपल्या पाठीशीच हवी. माइकची पाठ खिडकीकडे करावी आणि तोंड वीतभर अंतरावर ठेवावे. त्याहून जवळ गेल्यास खर्ज नको तितका फुगतो. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र बसू नये. (गोधडी धुतल्यावर दोन दिवस वाचन बंद, कारण ती वाळत नाही.)

वाचनवेडा

पंधरा दिवसांनी लिहीत आहे. सुताराला नकार कळवला, खिडकीला व दाराला पट्ट्या लावल्या आणि दोन गोधड्या व एक कापसाची गादी पाठीमागे उभी केली. अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करून मोजली, तेव्हा पंखा आणि शेजारच्या खोलीतला फ्रिज चालू असताना उणे 52 डेसिबल आणि दोन्ही बंद केल्यावर उणे 61 असा आकडा आला. एसीएक्स या ऑडिबलच्या ऑडिओबुक-मंचाची अट उणे 60 किंवा त्याहून खाली अशी आहे, म्हणजे जेमतेम का होईना, पण बसलो. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून त्याच्या बटणाच्या पाटीवर घराची किल्ली टांगून ठेवतो. आता अडचण उरली आहे ती वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागावर सकाळी सात वाजता येऊन बसणाऱ्या पारव्यांची. त्यांचे घुमणे पट्ट्यांना दाद देत नाही. त्यावर कोणी काही केले असल्यास कृपया कळवावे.

भिंतीला कान

जाळी बसवा. तोवर वाचन रात्री दहानंतर करावे.