मंड्याचं लिथियम कुणी गायब केलं नाही, पेग्मटाइट असाच असतो

खडकफोड्या

परवा इथेच एक पोस्ट फिरली: "२०२० साली कर्नाटकात मंड्याजवळ १४,१०० टन लिथियम सापडलं. २०२१ मध्ये सरकार संसदेत सांगतं १,६०० टन. उरलेले साडेबारा हजार टन कुणाच्या घशात गेले?" खाली अंगठ्यांची रांग आणि "आयात लॉबी" असा एकमुखी गजर. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

पहिला आकडा सरकारी नव्हताच. बंगळुरूच्या आयआयएस्सीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा तो अंदाज. अर्धा किलोमीटर रुंद, पाच किलोमीटर लांब पट्टा धरून ३०,३०० टन लिथियम ऑक्साइड, म्हणजे १४,१०० टन लिथियम. चिलीच्या ८६ लाख टनांपुढे हे काही फार नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पेपरवाल्यांनी ते वाक्य सोडलं आणि आकडा उचलला. दुसरा आकडा अणुखनिज संचालनालयाचा. मर्लगल्ला-अल्लापटणा भागात वरून पाहणी केली, खाली मोजके बोअर मारले, त्यातून आलेला. तोही 'अनुमानित' वर्गातला, म्हणजे पक्का नाहीच.

आता मूळ मुद्दा. लोखंडाचा किंवा कोळशाचा थर असतो तसा पेग्मटाइट नसतो. ग्रॅनाइटचा शिलारस गोठत आला की शेवटी जो पाणीदार रस उरतो, त्यात जे कुठल्याच साध्या खनिजाच्या जाळीत बसत नाही ते सगळं साठतं: लिथियम, सिझियम, टँटलम, बेरिलियम. तो रस भेगांत शिरतो. भेग फुगते तिथे फुगतो, आक्रसते तिथे आक्रसतो, वीस पावलांवर संपतो. शिवाय एकाच डाईकच्या, म्हणजे भेगेत गोठलेल्या भिंतीसारख्या खडकाच्या, पोटात पट्टे पडतात. कडेला बारीक दाण्यांचं अस्तर, मग फेल्डस्पार-अभ्रक, मधे गारगोटीचा गाभा, आणि स्पॉड्युमीन, म्हणजे लिथियमचं खनिज, कुठल्या तरी एकाच पट्ट्यात. त्या पट्ट्यातला एक दगड प्रयोगशाळेत पाठवून अख्ख्या डाईकला तोच टक्का लावणं म्हणजे एका फांदीचा मोहोर बघून बागेच्या पेट्या मोजणं. कोकणातल्या कुठल्याही बागवाल्याला विचारा असा सौदा करतो का.

स्वदेशी_बॅटरी

ती पोस्ट माझीच, नाव घ्यायला लाजू नका. मोहोर, पेट्या वगैरे ठीक. पण तुम्हीच म्हणता मोजके बोअर. मग मोजक्या बोअरवरून १,६०० हा आकडा तरी संसदेत का सांगायचा? आणि लिथियमची खनिजं २०२३ पर्यंत अणुखनिजांच्या यादीत अडकवून ठेवली होती. खासगी माणसाला हात लावायची सोय नाही. दशकानुदशकं एकच खातं त्यावर बसून राहिलं. याला दडपणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

टेस्टट्यूब

भांडण नंतर करा, आधी एकक लिहा. लिथियम, लिथियम ऑक्साइड, लिथियम कार्बोनेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. धातूचा आकडा २.१५ ने गुणला की ऑक्साइड, ५.३२ ने गुणला की कार्बोनेट. मी एका खासगी प्रयोगशाळेत सहा वर्षं काढली. एकदा एका अहवालात ऑक्साइडच्या रकान्याला नुसतं 'लिथियम' असं डोकं पडलं. पाहणाऱ्यांना साठा दुपटीहून जास्त वाटला, पेढेसुद्धा वाटले. चूक माझ्या टेबलावरून गेली नव्हती, पण बोलणी मी खाल्ली.

जम्मूतल्या रियासीचंही तेच. ५९ लाख टन म्हणजे खनिजाचे टन, त्यातून निघणाऱ्या धातूचे नव्हेत. शिवाय तो पेग्मटाइट नाहीच, बॉक्साइटसोबतचा मातकट प्रकार आहे. तरी लोक अजून "चिलीच्या खालोखाल आपणच" म्हणून छाती फुगवतात.

स्वदेशी_बॅटरी

रियासीचं नाव मी काढलं नव्हतं. पण पेढे आवडले.

सिव्हिल_लाइन्स

नागपुरातून लिहितोय, त्यामुळे खाण ब्युरोचा माणूस समजून कुणी शिव्या घालू नयेत, मी दुसऱ्या खात्यातून निवृत्त झालो. धागाकर्त्याशी बव्हंशी सहमत. एक भर. पेग्मटाइट दिसला म्हणजे लिथियम असलंच पाहिजे असं नाही. शेकड्यांनी पेग्मटाइट वांझ असतात. मूळ ग्रॅनाइटच्या अंगालगतचे साधे, थोडे लांब गेले की बेरील, मग कोलंबाइट-टँटलाइट, आणि सगळ्यात लांब पोचलेल्या रसात लिथियम नि सिझियम. रस किती 'पिकला' ते फेल्डस्पार किंवा अभ्रकातल्या पोटॅशियम-रुबिडियमच्या प्रमाणावरून कळतं. ते जितकं घसरेल तितकी आशा. बस्तरमध्ये आम्ही हेच करायचो. तिथल्या पेग्मटाइटांत कथील आहे, लेपिडोलाइट म्हणजे लिथियमवाला अभ्रक आहे. गावच्या बायका ओढ्याची वाळू धुऊन कॅसिटेराइटचे, म्हणजे कथलाच्या खनिजाचे, काळे दाणे काढत, आणि आमच्या नकाशापेक्षा त्यांना ओढा जास्त कळत असे.

पाठ्यपुस्तकात लिहिलंय की शिलारस फार सावकाश थंड झाल्यामुळे पेग्मटाइटचे स्फटिक एवढे मोठे होतात. त्यामुळेच त्यांची घडण इतकी असमान असते.

खडकफोड्या

काका, बाकी सगळं शिरसावंद्य. शेवटचा परिच्छेद साफ चूक. सावकाश थंड झाला म्हणून मोठे स्फटिक, ही शाळेतली गोष्ट पेग्मटाइटला लागू नाही.

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी मी पेपरात हेच लिहिलं होतं: "थंड होण्याचा वेग हे एकमेव कारण नाही." चार गुण कापले. पुनर्मूल्यांकनाला अर्ज केला, पैसे भरले, उत्तर आलं 'बदल नाही'. प्रथम श्रेणी तीन गुणांनी हुकली. त्याला बावीस वर्षं झाली.

सिव्हिल_लाइन्स

तुमच्या गुणांबद्दल सहानुभूती आहे. पण मी एकतीस वर्षं खडक बघितले. हाताएवढे अभ्रकाचे गठ्ठे, माणसाएवढा बेरील! अमेरिकेत दक्षिण डाकोटातल्या एट्टा खाणीत १४ मीटर लांबीचा स्पॉड्युमीन निघाला होता. तो काय रातोरात वाढला? आणि मला काका म्हणू नका.

खडकफोड्या

बरं, साहेब. हिशेब करू या, तोही पाटीवरचा. डाईकच्या निम्म्या जाडीचा वर्ग घ्या आणि खडकात उष्णता पसरण्याच्या वेगाने भागा. तो वेग सेकंदाला साधारण १ चौरस मिलिमीटर. दोन मीटर जाडीचा डाईक: १२ दिवस. वीस मीटरचा: तीन वर्षं. कॅनडातल्या मॅनिटोबाचा टँको पेग्मटाइट जाडीला शंभर मीटर धरला, तर ८० वर्षं. ठोकळ हिशेब आहे, दोन-चार पट इकडे-तिकडे होईल. पण लाखो वर्षं यात बसत नाहीत.

आता तुमचा एट्टाचा स्फटिक. त्याला टँकोइतकी ८० वर्षं दिली तरी दिवसाला अर्धा मिलिमीटर वाढ येते. नखापेक्षा पाचपट वेग. हे कसं जमतं? पेग्मटाइटचे अभ्यासक डेव्हिड लंडन यांनी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हेच तपासलं. रस गोठायला हवा त्या तापमानाखाली दीड-दोनशे अंश उतरतो तरी स्फटिकाचं बीजच धरत नाही. पाणी, बोरॉन, फ्लुओरिन, फॉस्फरस आणि खुद्द लिथियम यांनी रस पातळ झालेला असतो. बीजं थोडी, माल भरपूर, वाहतूक सोपी. मग जी थोडी बीजं धरतात ती बेफाम वाढतात. दह्याचं विरजण आठवा, फक्त उलटं.

उगाचच

विरजणाची उपमा कळली नाही. उलटं विरजण म्हणजे काय, ताक?

टेस्टट्यूब

लिथियम राहिलं बाजूला. आता पंचवीस प्रतिसाद या स्फटिकांवरच येणार, लिहून ठेवा.

सिव्हिल_लाइन्स

लंडन यांचं वाचलंय. जान्स आणि बर्नहॅम यांचं १९६९ चंही वाचलंय, त्यांनी रसातून वेगळ्या झालेल्या पाण्याच्या वाफेला श्रेय दिलं होतं. दर वीस वर्षांनी तुमच्यासारखा कुणीतरी "जुनं सगळं चूक" म्हणत येतो.

तुमच्या पाटीवरच्या हिशेबात भोवतालचा खडक थंड धरलाय. झारखंडातल्या कोडर्म्याचा अभ्रक पट्टा घ्या. तिथे पेग्मटाइट शिरला तेव्हा आजूबाजूचे शिस्ट खडक स्वतःच तापलेले होते, खोलीही भरपूर. भिंत गरम असेल तर भाजी निवायला वेळ लागणारच. तिथे तुमचे १२ दिवस कुठे राहतात ते सांगा. उगाच गणित फेकून ज्येष्ठांना शिकवायची ही नवी खोड आहे.

खडकफोड्या

काका म्हणू नका म्हणता आणि ज्येष्ठपणाचा दाखला देता! असो. गरम भिंतीचा मुद्दा मान्य, कोडर्म्यापुरता. लिथियमवाले पेग्मटाइट त्या मानाने उथळ आणि थंड खडकात शिरलेले असतात, त्यांना माझाच हिशेब लागू.

सिव्हिल_लाइन्स

"कोडर्म्यापुरता" मान्य केलंत, आभारी आहे. मीही "लिथियमवाल्यांपुरतं" मान्य करतो. पाठ्यपुस्तकाने हा फरक सांगायला हवा होता.

गिरिजा

कोडर्म्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी झारखंडात गिरिडीहच्या तिसरी भागात एका संस्थेसोबत तीन वर्षं होते. तुम्ही भिंत गरम की थंड यावर भांडताय. त्या पेग्मटाइटांच्या जुन्या टाकाऊ ढिगांवर बायका-पोरं 'ढिबरा' वेचतात. ढिबरा म्हणजे अभ्रकाचा चुरा. परदेशी मागणी आटली, १९८० च्या वनकायद्याने खाणपट्टे बंद पडले, पण माणसं तिथेच राहिली. उंदराच्या बिळासारखी भोकं खणून आत शिरतात. नऊ वर्षांची एक मुलगी मला अभ्रकाचं पान सोलून दाखवायची, "दीदी, कागद." तिच्या भावावर ढीग घसरला त्या दिवशी मी तिथे होते. पाय वाचला. पुढचं लिहीत नाही.

तुमच्या ओठांवरची, डोळ्यांवरची चमक तिथूनही येते. लिथियम सापडलंच तर तिथेही हेच होणार नाही कशावरून?

स्वदेशी_बॅटरी

ताई, वाईटच आहे. पण म्हणून खाणीच नकोत? परवाना नसतो म्हणूनच भोकं पडतात. कायदेशीर खाण असती तर हेल्मेट असतं, हजेरीपट असता, विमा असता.

गिरिजा

हेल्मेट असलेल्या खाणीही पाहिल्यात. तरी परवान्याबद्दल तुमचं चूक नाही. हे कबूल करायला मला आवडत नाहीये.

उगाचच

कोडर्म्यात एवढा पेग्मटाइट आहे तर लिथियम तिथेच का शोधत नाहीत? सरळ प्रश्न.

सिव्हिल_लाइन्स

शोधतात. पण तो मुख्यतः अभ्रकाच्या जातीचा पट्टा. खोलवर बनलेला, मोठमोठे गठ्ठे देणारा, दुर्मीळ धातूंत सहसा गरीब. लेपिडोलाइट सापडतो ठिकठिकाणी. 'ठिकठिकाणी' या शब्दावर खाण उभी राहत नाही.

स्वदेशी_बॅटरी

मूळ मुद्द्यावर या. मी काल रात्री बसून वाचलं. स्पॉड्युमीन पृष्ठभागावर कुजतो, त्याची माती होते आणि लिथियम पावसाने धुऊन जातं. बरोबर ना? म्हणजे वरून घेतलेले नमुने कमीच दाखवणार. म्हणजे खाली जास्त असणार. म्हणजे १,६०० हा आकडाच कमी आहे! आता बोला.

खडकफोड्या

हं. पहिलं वाक्य बरोबर आहे. त्रास होतोय, पण बरोबर आहे. दक्षिणेतल्या हवामानात वरचे काही मीटर लिथियमच्या बाबतीत खोटं बोलू शकतात.

पण "म्हणजे खाली जास्त" हे तुम्ही जोडलंत. वर धुऊन गेलं तर खाली मूळचं जेवढं होतं तेवढंच असेल, जास्त कशाला? आणि डाईक खाली किती जातो हे बोअरशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. तुमचा युक्तिवाद फार तर "अजून बोअर मारा" इथे पोचतो. तिथे मी तुमच्यासोबत आहे.

टेस्टट्यूब

मी मधे थोडा हिशेब केला. एका बऱ्यापैकी विजेच्या मोटारीत ८ किलो लिथियम धरलं, तर १,६०० टनांत दोन लाख गाड्या. १४,१०० टनांत साडेसतरा लाख. तेसुद्धा सगळं जमिनीतून निघालं, सगळं शुद्ध झालं, चिमूटभर वाया गेलं नाही असं धरून. प्रत्यक्षात स्पॉड्युमीन आधी वेगळा काढायचा, मग हजार-अकराशे अंशांवर भाजायचा म्हणजे त्याची जाळी सैल होते, मग गंधकाम्लात शिजवायचा. दर पायरीला गळती. ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेसला खनिजातच सुमारे दोन टक्के ऑक्साइड, खाण प्रचंड. ती १८८८ पासून कथलासाठी चालू होती, लिथियम खूप नंतर आलं. आपल्याला हे सगळं पंधरवड्यात हवंय.

स्वदेशी_बॅटरी

म्हणजे मोठा आकडा खरा असता तरी देश स्वयंपूर्ण झाला नसता, असंच ना? बरं. मग 'घशात गेले' हा शब्द मी मागे घेतो. 'खात्याने वेळ काढला' हा घेत नाही. २०२३ मध्ये कायदा बदलला, पुढच्या वर्षी छत्तीसगडमधलं कटघोऱ्याचं लिथियम लिलावात गेलंसुद्धा. आधी का नाही?

सिव्हिल_लाइन्स

हा प्रश्न आम्हीही चहाच्या टपरीवर विचारायचो. मोठ्याने विचारला नाही, एवढंच.

उगाचच

धागाकर्ते, पुनर्मूल्यांकनाला परत अर्ज करता येईल का? आता खात्यातल्या माणसाचीही निम्मी संमती आहे.

खडकफोड्या

मुदत पंधरा दिवसांची होती.