पायलट ट्रेनिंग बेळगावच्या सांबऱ्यातच करावं काय? आणि लोनचं कसं?

प्रश्न (खानापूर): धाकट्या भावाचं पीयूसी (बारावी) सायन्स झालंय, पायलटच व्हायचं म्हणून बसलाय. सांबरा विमानतळावर ट्रेनिंग चालतंय, घरात राहून होईल म्हणून बाबा तयार आहेत, पण खर्च पन्नास लाखांच्या घरात जायलाय आणि आमच्याकडं ऊसाचं शेत सोडलं तर काय नाही. लोन मिळतं काय ओ?

उत्तर १: आधी पायलटची मेडिकल तपासणी करा दादा, पहिली क्लास २ची मग त्याहून कडक क्लास १ची. त्याआधी कुठंच रुपया भरू नका.

उत्तर २: साडेसात लाखांच्या वर बँक बहुतेक तारण मागते आणि शेतजमीन सहसा घेत नाहीत, घर नाहीतर एनए प्लॉट लागतो. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाका. शेत मात्र विकू नका, कळकळीनं सांगतो.

उत्तर ३: स्कूल बघताना ब्रोशर ठेवा बाजूला, तिथं शिकणाऱ्या पोरांना गाठून विचारा की महिन्याला किती तास उडायला मिळतंय. सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्सला) २०० तास उडावं लागतं, विमानं कमी आणि पोरं जास्त असली की वर्षाचं काम लांबतच जातंय, इकडं व्याज चालूच, त्यात आपल्याकडचा पावसाळा, ढग खाली आले की विमान जमिनीवरच. फी एकदम भरू नका, हप्त्यानं द्या. टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनचं ठराविक विमान चालवायच्या ट्रेनिंगचे, लाखो वेगळे, ते आत्ताच धरा.

प्रश्नकर्ता: उद्याच मेडिकलचं बघतो, मग बँकेत जातो.