चर्चने आधी स्वतःचा बॉयलर बघावा की वॉरन काउंटीचा रस्ता धरावा?

आडवातिडवा (धागाकर्ता)

इंग्लंडच्या चर्चच्या जनरल सिनॉडने, म्हणजे धोरणं ठरवणाऱ्या सर्वोच्च सभेने, फेब्रुवारी २०२० मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत चर्चचं कार्बन उत्सर्जन ‘नेट झिरो’वर आणायचं, म्हणजे जेवढं सोडू तेवढं भरून काढून हिशेब शून्य करायचा. मांडलेला प्रस्ताव २०४५ चा होता, सभेने दुरुस्ती करून तो पंधरा वर्षं अलीकडे ओढला. पुढे त्यासाठी १९ कोटी पौंडांची तरतूदही झाली. सगळीकडे कौतुक चाललंय. मला मात्र यात गफलत दिसते, म्हणून हा धागा.

वीज कंपनीकडे किंवा सरकारी खात्याकडे नाही असं चर्चकडे काय आहे? दर आठवड्याला जमणारी माणसं, बसायला हक्काची जागा आणि सहजासहजी दडपता न येणारा आवाज. चर्च तापवणारा गॅसचा बॉयलर बदलायला यातलं काहीच लागत नाही.

आता हे बघा. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात पीसीबी हे विषारी रसायन असलेलं टाकाऊ तेल टँकरमधून रस्त्यांच्या कडेला गुपचूप ओतलं गेलं. ती दूषित माती पुरायला राज्याने वॉरन काउंटीतलं ॲफ्टन निवडलं. वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय, गरीब, आणि भूजल जेमतेम काही फुटांवर. सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक यायला लागले तेव्हा लोक कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमून निघायचे आणि ट्रकसमोर आडवे व्हायचे. काही आठवड्यांत पाचशेच्या वर लोकांना अटक झाली. ट्रक थांबले नाहीत. पण युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाने तिथून धागा उचलला, १९८७ मध्ये देशभरातल्या घातक कचऱ्याच्या केंद्रांचा अभ्यास छापला, आणि ही केंद्रं कुठे येतात हे ठरवणारा सर्वांत ठळक घटक वंश आहे हे आकड्यांनी दाखवलं. फेब्रुवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाचा १२८९८ क्रमांकाचा आदेश काढला, त्याची मुळं इथे आहेत.

चर्चने अन्यायाच्या जागी जाऊन उभं राहावं, कार्बनची वही दुसऱ्या कोणीही लिहावी. या आता मैदानात.

घंटाघर

त्या १२८९८ चं पुढे काय झालं तेही लिहा की. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो एका फटक्यात रद्द केला. बसवलेला हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर आत ओढणारं यंत्र) असा सहीने रद्द होत नाही.

आणि ‘बॉयलर बदलायला काही लागत नाही’ हे चर्च तापवण्याचा हिशेब कधी न मांडलेला माणूसच लिहू शकतो. दगडी भिंती, उंच छत, वापर आठवड्यातून चार-दोन तास. गरम हवा छताला जाऊन बसते, माणसं खाली कुडकुडतात, आणि भिंती तापेपर्यंत उपासना संपलेली असते. म्हणून हल्ली सल्ला असा देतात की इमारत तापवू नका, माणसं तापवा. बाकांखाली विजेचे हीटर लावा किंवा भिंतीवर उष्णता फेकणारी पॅनेलं लावा. आता गणित करा. चाळीस बाकांखाली प्रत्येकी ७५० वॅट म्हणजे ३० किलोवॅट. सिंगल फेजची जोडणी १०० अँपिअरची असली तरी २३० व्होल्टला २३ किलोवॅटपुढे जात नाही. म्हणजे थ्री फेज आलं, रस्त्यापासून नवी केबल आली, आणि केबलची वाट आवारातल्या कबरींमधून असेल तर खोदाईची परवानगीही आली.

हीट पंप लावताना नेहमी होणारी चूक म्हणजे जुने रेडिएटर तसेच ठेवणं. ते मापलेले असतात गॅस बॉयलरच्या पाण्यासाठी: जाताना ८० अंश, परत येताना ६०, सरासरी ७०. खोली २० अंशांची धरली तर फरक ५० चा. हीट पंपाचं पाणी जाताना ५५, येताना ४५, सरासरी ५०, फरक ३० चा. त्याच रेडिएटरमधून उष्णता मिळते जेमतेम निम्मी. मग लोक ठोकतात की हीट पंप चर्चमध्ये चालतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र तांत्रिक नाहीच. बॉयलर बंद पडतो तो नाताळच्या तोंडावर. पर्यायाचा आराखडा कोणी केलेला नसतो, चर्चची मंडळी गारठलेली असते, आठवड्याभरात तसाच दुसरा गॅस बॉयलर येतो आणि पुढची वीस वर्षं त्याच्याशी बांधली जातात. जुलै २०२२ पासून इंग्लंडच्या चर्चने नियम फिरवले ते याचसाठी. तेलाचा किंवा गॅसचा बॉयलर तसाच बदलायचा असेल तर आता ‘फॅकल्टी’ लागते, म्हणजे धर्मप्रांताच्या न्यायाधीशाची रीतसर परवानगी. एलईडी दिव्यांसाठी एवढी यातायात नाही.

आडवातिडवा

गणित मान्य. पण तुमच्याच गणितातून माझा मुद्दा निघतो. सधन मंडळी थ्री फेज घेईल, छपरावर सौर पॅनेलं चढवेल आणि प्रमाणपत्र दारात लावेल. गरीब वस्तीतल्या चर्चला केबलचाच खर्च झेपणार नाही, आणि ‘मागे पडलेलं चर्च’ हा शिक्का मिळेल तो वेगळाच.

घंटाघर

म्हणून सुरुवात पन्हाळींपासून करायची असते. तुंबलेली पन्हाळ भिंत ओली ठेवते, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता बाहेर घालवते. मग दारांच्या फटी, तडकलेल्या काचा, उघडा राहिलेला मनोऱ्याचा जिना. याला शिडी आणि दोन माणसं पुरतात. पॅनेलं अगदी शेवटी. अवांतर: जुनी चर्चं पूर्व-पश्चिम बांधलेली असल्याने उत्तर गोलार्धात छपराची एक लांब उतरण आयतीच दक्षिणेला मिळते. फक्त मनोऱ्याची सावली बघायची. एका साखळीतल्या दोन-तीन पॅनेलांवर सावली आली तरी अख्ख्या साखळीचं उत्पादन घसरतं. आणि वीज तयार होते उन्हाळी दुपारी, लागते हिवाळी रविवारी सकाळी. वर्षाचा ताळेबंद शून्य दिसला म्हणून त्या सकाळी ग्रिडची वीज लागली नाही असं होत नाही.

लेखाजोखा

दोघंही इमारतीत अडकलात. मोठ्या चर्चची खरी ताकद भागधारक म्हणून आहे. मे २०१७ मध्ये एक्सॉनमोबिलच्या सभेत न्यूयॉर्क राज्याचा पेन्शन निधी आणि इंग्लंडचे चर्च कमिशनर्स (चर्चची गुंतवणूक सांभाळणारी संस्था) यांच्या ठरावाला सुमारे ६२ टक्के मतं पडली, संचालक मंडळाचा विरोध असताना. मागणी साधी होती: हवामानविषयक धोरणांचा तुमच्या धंद्यावर काय परिणाम होईल ते दरवर्षी जाहीर करा. शेअर आधीच विकून टाकले असते तर हे मत टाकलं कोणी असतं? विकलेला शेअर नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या खात्यात जातो. हा दुसरा सहसा प्रश्न विचारणारा नसतो.

विनाव्याज

आणि मग पुढे? अमेरिकेत असे ठराव बहुधा सल्लावजा असतात, ६२ टक्के पडले तरी संचालकांवर बंधन नाही. जून २०२३ मध्ये त्याच चर्च कमिशनर्सनी एक्सॉनमोबिल, शेल, बीपी यांच्यासह ११ तेल-वायू कंपन्या आपल्या गुंतवणुकीतून वगळल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीपीने २०३० पर्यंत उत्पादन ४० टक्के घटवण्याचं स्वतःचंच लक्ष्य २५ टक्क्यांवर आणलं होतं. इतकी वर्षं टेबलाशी बसून मिळालं ते हे.

हा खेळ आधीही होऊन गेलाय. १९७१ मध्ये एपिस्कोपल चर्चने जनरल मोटर्सपुढे ठराव ठेवला की वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा. ठराव सपशेल आपटला. पण कंपनीच्या संचालक मंडळावर बसलेले फिलाडेल्फियाचे बॅप्टिस्ट पाळक लिऑन सलिव्हन भर सभेत त्याच्या बाजूने उभे राहिले. १९७७ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांसाठी तत्त्वं लिहिली: जेवणाची, स्वच्छतेची, कामाची जागा वर्णानुसार वेगळी नको, समान कामाला समान पगार. बऱ्याच कंपन्यांनी सह्या केल्या. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, सलिव्हन यांनीच जाहीर केलं की एवढ्याने वर्णभेद हलत नाही, कंपन्यांनी देश सोडावा. चर्चेला मुदत हवी, ती आधीच जाहीर हवी, आणि मुदत संपल्यावर काय करणार तेही त्याच कागदावर हवं.

लेखाजोखा

मुदत होतीच की. जुलै २०१८ च्या सिनॉडने ठराव केला होता की तापमानवाढ रोखण्याच्या पॅरिस कराराच्या वाटेवर नसलेल्या कंपन्यांतून २०२३ पर्यंत बाहेर पडायचं. २०२३ मध्ये कंपन्या वगळणं हा ठरलेला शेवटचा टप्पाच होता. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने २०१३ मध्येच शेअर विकण्याच्या बाजूने ठराव केला. त्यामुळे तेल कंपन्यांना भांडवल महाग पडलं का, ते दाखवा.

विनाव्याज

भांडवल महाग करणं हा उद्देशच नव्हता. तंबाखू कंपन्यांचे शेअर विकले तेव्हाही सिगारेट महाग झाली नव्हती. उद्देश एवढाच की मंत्र्यांना आणि खासदारांना त्या कंपन्यांशेजारी बसणं अवघड व्हावं. ते किती साधलं यावर वाद घालू, पण मोजायचं ते हे.

सरळवाट

चर्चचं काम आत्म्यांचं तारण. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात देवाने नोहाला वचन दिलंय की जलप्रलयाने पृथ्वीचा नाश पुन्हा होणार नाही. समुद्र चढतोय म्हणून घाबरवणं हा त्या वचनावरचा अविश्वास आहे.

वेशीबाहेर

तो करार देव स्वतः काय करणार नाही याबद्दल आहे. माणसाने माणसाचं बेट बुडवायला हातभार लावला तर काय, याबद्दल त्यात हमी नाही. आणि त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, पंधराव्या वचनात, माणसाला बाग मशागतीला आणि राखायला दिलीय. राखणदार नेमल्यावर ‘मालकाने वचन दिलंय’ म्हणून झोपा काढायची सोय राहत नाही. असो, तुमचं-माझं यावर जुळणार नाही.

मला झाडांबद्दल लिहायचंय, कारण चर्चला काहीतरी हिरवं करायचं म्हटलं की पहिली उडी तिथेच पडते. २००७ मध्ये व्हॅटिकनचं उत्सर्जन भरून काढायला हंगेरीत जंगल लावून देण्याची घोषणा एका कंपनीने केली होती. काही वर्षांनी पत्रकारांनी जाऊन पाहिलं तर झाडं लागलेलीच नव्हती. प्रमाणपत्र आधी आणि खड्डा नंतर, असा क्रम असला की असंच होतं.

याच्या उलट इथिओपियाचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग, साउथ गोंदर. आजूबाजूला नांगरलेली शेतं आणि चराऊ रान, मध्येच ऑर्थोडॉक्स चर्चभोवती काही हेक्टरांचं मूळ जंगल टिकून आहे. तिथे मोठी झाडं होती, पण नवी रोपं दिसत नव्हती. कारण गुरं. आत शिरून कोवळी रोपं खायची आणि जमीन तुडवून टणक करायची. उपाय निघाला दगडी कुंपणाचा. शेतकऱ्यांना नांगरताना नको असलेलेच दगड आणून गावकऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी जंगलाभोवती भिंत घातली, ये-जा करायला दार ठेवलं. शेतही मोकळं झालं. भिंत जंगलाच्या कडेला न चिकटवता थोडी बाहेर घातली तर जंगलाला पसरायला जागा मिळते. यातली मेख अशी की त्या जंगलातल्या बऱ्याच मूळ झाडांचं बी मातीत फार काळ जिवंत राहत नाही. आईझाड गेल्यावर ‘पुढे कधीतरी उगवेल’ ही आशा धरता येत नाही, म्हणून भिंतीची घाई. आणि भिंत घातल्यावर आत भराभर वाढणारा निलगिरी लावायचा मोह होतो, तो आवरावा लागतो. नवं रोप लावण्याआधी असलेलं झाड राखा, हे कुठल्याही मंडळीला चालण्यासारखं आहे.

आडवातिडवा

हे पटलं, पण भिंत कोणाच्या जमिनीवर घालायची हा प्रश्न पहिला. इथिओपियात ती चर्चच्या ताब्यातली होती. ब्राझीलमध्ये तसं नाही. तिथे सिस्टर डोरोथी स्टँग या कॅथलिक नन पारा राज्यात अनापू इथे छोट्या शेतकऱ्यांच्या अशा वसाहतींसाठी झगडत होत्या जिथे जंगलाचा मोठा हिस्सा उभा ठेवून शेती करायची. १२ फेब्रुवारी २००५ ला त्यांना गोळ्या घातल्या. त्या ज्याच्यासोबत काम करत तो कॅथलिक भूमी आयोग १९७५ पासून आहे आणि दरवर्षी जमिनीच्या तंट्यांची नोंद छापतो: कुठे, किती कुटुंबं, कोणाला धमक्या, कोणाचा खून. पोलिसांच्या दप्तरात जे ‘भांडण’ म्हणून जातं ते तिथे जमिनीचा तंटा म्हणून नोंदलं जातं. ॲमेझॉनमधला कार्बन राखायचा तर हे काम पॅनेलांपेक्षा मोठं आहे, इतकंच म्हणतोय.

मोजपट्टी

घातक कचऱ्याच्या केंद्रांवरच्या १९८७ च्या त्या अभ्यासाचं नाव सगळे घेतात, तो कसा केला हे कोणी लिहीत नाही. एखाद्या मंडळीला आज तसंच काम करायचं असेल तर त्यातली चूक आधी समजून घ्या. त्यांनी पिन कोडसारखे झिप कोड घेतले: ज्यात कचऱ्याचं केंद्र आहे ते एका बाजूला, नाही ते दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडच्या लोकसंख्येची तुलना. अडचण अशी की केंद्र झिप कोडच्या कडेला असेल तर रस्त्यापलीकडचे शेजारी ‘केंद्र नाही’ या रकान्यात जातात. १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी जनगणनेचे छोटे विभाग घेतले आणि वंशाचा फरक दिसत नाही असा निष्कर्ष काढला. त्यावर बरीच जुंपली. २००७ मध्ये त्याच युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने विसाव्या वर्षाचा अभ्यास करवून घेतला, त्यात केंद्राभोवती ३ किलोमीटरचं वर्तुळ काढून मोजलं आणि फरक आधी वाटला होता त्याहून जास्त निघाला.

तर करायचं असं. सरकारकडची परवाना मिळालेल्या केंद्रांची यादी घ्या. प्रत्येकाभोवती १, ३ आणि ५ किलोमीटरची वर्तुळं काढा, एकच काढलं तर ‘सोयीचं अंतर निवडलंत’ हा आरोप ठरलेला. जनगणनेचा सर्वांत छोटा विभाग घ्या आणि वर्तुळात त्याचं जेवढं क्षेत्र येतं त्या प्रमाणात लोकसंख्या धरा. तुलना त्याच शहराच्या किंवा जिल्ह्याच्या उरलेल्या भागाशी करा. अख्ख्या देशाशी केली तर शहर आणि खेडं यांच्यातलाच फरक आकड्यात उतरतो. केंद्र सुरू झालं त्या वर्षाची लोकसंख्याही काढा, कारण ‘केंद्र आधी आलं, स्वस्त जागा म्हणून गरीब नंतर आले’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

आणि यादीतल्या पत्त्यांवर विसंबू नका. पुष्कळदा तिथे कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता असतो आणि वर्तुळ निघतं भलत्याच उच्चभ्रू वस्तीभोवती. प्रत्येक ठिकाण उपग्रहाच्या चित्रावर बघा, शंका आली तर जाऊन फाटक बघून या.